दहा मीटरवर पडणारा गोळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अकरा वर्षांच्या मुलाला फोमचे गोळे उडवणारं स्प्रिंगचं ब्लास्टर भेट मिळालं आहे. खोक्यावर वेग सेकंदाला ३० मीटर आणि पल्ला २५ मीटर असं छापलंय. प्रत्यक्षात मुलगा उभा राहून समोर मारतो तेव्हा गोळा दहा मीटरच्या आसपास जमिनीला टेकतो. म्हणजे वस्तू खराब निघाली का? घरात सात वर्षांची धाकटी आहे आणि कुणीतरी सांगितलंय की असल्या खेळण्यांनी डोळे जातात. ब्लास्टर ठेवावं की परत करावं, आणि घरच्या घरी ते तपासता येईल का?

खेळण्यांच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली. आता मी मुख्यतः अशा वस्तू उघडून दुरुस्त करते. त्या अनुभवावरून आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमचं ब्लास्टर बहुधा ठणठणीत आहे. दहा मीटरवर गोळा पडतोय याचाच अर्थ ते खोक्यावरच्या वेगानं मारतंय. म्हणून मला तुमच्या पल्ल्याची नाही, डोळ्यांची काळजी वाटते.

हे उलटं वाटेल, तर हिशोब करून बघू. या प्रकारातले बहुतेक गोळे २२ ते २३ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि माझ्या काट्यावर दीड ते पावणेदोन ग्रॅम भरतात. १.६ ग्रॅम धरू. एवढ्या हलक्या आणि एवढ्या जाड वस्तूला हवा फार अडवते. नळीतून ३० मीटरच्या वेगानं सुटलेल्या गोळ्यावर पहिल्या क्षणी हवेचा जो रोध असतो तो त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सहापट भरतो. त्यामुळे पाच मीटर जाईपर्यंत वेग ३० वरून २१ वर येतो आणि दहा मीटरला जेमतेम १५ उरतो. या दहा मीटरना साधारण अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू मीटर-सव्वा मीटर खाली येते, आणि अकरा वर्षांच्या मुलाचा खांदा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असतो. नळी आडवी धरून मारलेला गोळा दहा मीटरवर पडला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

मग खोक्यावरचे २५ मीटर कुठून आले? नळी वर करून. तीस-पस्तीस अंशांवर धरून मारलात तर हाच गोळा वीस-बावीस मीटर जातो. त्याला उलटी फिरकी मिळाली तर आणखी थोडा. बऱ्याच ब्लास्टरमध्ये नळीच्या टोकाशी आत वरच्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो. गोळा त्याला घासून निघतो, त्याचा वरचा भाग मागे फिरतो आणि हवा त्याला थोडं उचलून धरते. क्रिकेटचा चेंडू फिरकीनं हवेत वळतो त्यामागे हेच तत्त्व आहे, फक्त इथे वळण आडवं न मिळता वरच्या दिशेनं मिळतं. तुमच्या ब्लास्टरला हा उंचवटा आहे का ते मॅगझिन, म्हणजे गोळे भरायची पेटी, काढून, आत एकही गोळा नाही याची खात्री करून, मागच्या बाजूनं टॉर्च मारून बघता येतं. समोरून नळीत डोळा लावून कधीही बघायचं नाही, रिकामी असली तरी.

छापलेला पल्ला असा कोन धरूनच मोजलेला असतो आणि कोणता कोन ते खोक्यावर क्वचितच लिहितात. त्याला मी खोटं म्हणत नाही, पण खेळताना त्या आकड्याचा काही उपयोग नाही. आकाशाकडे नळी करून कोण कुणाला टिपणार आहे?

आता तपासणी. बाजारात वेग मोजायचं यंत्र मिळतं, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. त्यात दोन प्रकाशाचे पडदे असतात आणि गोळा एका पडद्यातून दुसऱ्यात जायला किती वेळ घेतो यावरून वेग निघतो. पण ते नसलं तरी फोन पुरतो. मी सुरुवातीला अशीच मोजत असे आणि आजही कुणाला शिकवायचं तर हेच शिकवते.

नळीच्या टोकापासून बरोबर तीन मीटरवर पत्र्याचं रिकामं डबडं किंवा ताणून बांधलेला जाड कागद उभा करा, म्हणजे आदळल्याचा आवाज स्पष्ट येईल. फोन मध्यावर, गोळ्याच्या वाटेपासून थोडा बाजूला ठेवा. मध्यावरच ठेवायचं कारण असं की सुटल्याचा आवाज आणि आदळल्याचा आवाज दोन्ही फोनपर्यंत पोचायला सारखाच उशीर लागतो आणि तो उशीर वजाबाकीत उडून जातो. फोन ब्लास्टरजवळ ठेवलात तर आदळल्याचा आवाज परत यायला तीन मीटरला जवळजवळ नऊ मिलिसेकंद लागतात आणि वेग आहे त्याहून कमी दिसतो. आता ध्वनिमुद्रण चालू करून गोळा मारा, मग आवाजाच्या लाटा दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये ते उघडा. दोन टोकदार शिखरं दिसतील. त्यांच्यातलं अंतर ०.१११ सेकंद आलं तर तीन मीटरचा सरासरी वेग २७. हवेनं वाटेत खाल्लेला वेग परत मिळवायला यात दहा-अकरा टक्के घाला, म्हणजे नळीच्या तोंडाशी ३०. दट्ट्या (स्प्रिंगच्या जोरानं पुढे येऊन हवा ढकलणारा भाग) सुटल्याचा खट् आवाज गोळा बाहेर पडण्याच्या किंचित आधी होतो, त्यामुळे चार-पाच टक्क्यांची चूक राहते. आपल्या कामाला तेवढी चालते.

स्लो-मोशन व्हिडिओवर मात्र फार विसंबू नका. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनमध्ये ३० च्या वेगाचा गोळा एका चित्रातून दुसऱ्यात साडेबारा सेंटिमीटर सरकतो. दिसतो तो गोळा नसून फराटा असतो, आणि फराट्याचं टोक कुठे धरायचं यावर आकडा बदलतो.

एका फेकीवरून काहीही ठरवू नये. दहा वेळा मारा. पण त्याआधी सगळ्या गोळ्यांवर पेनानं आकडे घाला, १ ते १०. यात पाच मिनिटं जातात आणि निम्मं निदान तिथेच होतं. समजा वेग आले २९, ३०, २९, ३१, २२, ३०, २९. तो २२ वाला गोळा कोणता? पुन्हा एक फेरी मारा. पुन्हा तोच गोळा मागे पडला तर दोष गोळ्यात: हातात घेऊन फिरवा, कुठेतरी टवका उडालेला किंवा एका बाजूनं चपटा झालेला सापडेल. दुसऱ्या फेरीत भलताच गोळा मागे पडला तर दोष ब्लास्टरमध्ये. दट्ट्याची रबरी रिंग हवा सोडते आहे, नाहीतर गोळा प्रत्येक वेळी नळीत सारखा बसत नाही.

गळती शोधायलाही सोपी पद्धत आहे. मॅगझिन काढा, आत गोळा नाही हे वरची झडप उघडून बघा. दट्ट्या ओढा, नळीचं तोंड तळव्यानं घट्ट दाबा आणि चाप ओढा. रिंग चांगली असेल तर दट्ट्या मध्येच अडकल्यासारखा होतो आणि सुस्कारा टाकत हळूहळू पुढे सरकतो. ताडकन् पुढे जाऊन आदळला तर हवा कुठूनतरी निसटते आहे. बहुतेक वेळा रिंग कोरडी पडलेली असते आणि सिलिकॉन ग्रीसचं एक बोट पुरतं. हाताशी येईल ते तेल मात्र घालू नका. काही तेलांनी रबर फुगतं, आणि धूळ तर सगळ्याच तेलांवर बसते. ही परीक्षा एकदा-दोनदाच करायची. गोळ्याशिवाय नुसता चाप ओढायची मुलांना फार हौस असते, आवाज छान येतो म्हणून. पण गोळा नसला की दट्ट्यापुढे हवेची गादी तयार होत नाही, तो स्प्रिंगच्या पूर्ण जोरानं नळकांड्याच्या टोकावर हाणला जातो आणि प्लास्टिकला केसासारखी चीर जाते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या स्प्रिंगच्या ब्लास्टरमध्ये ही तक्रार सगळ्यात जास्त असते आणि घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो, आपोआप झालं.

तुमचं स्प्रिंगचं आहे म्हणून बॅटरीवाल्यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण उद्या मित्राचं बघून ते मागितलं जाईल. त्यात दोन फिरती चाकं असतात, त्यांच्यातली फट गोळ्यापेक्षा अरुंद असते आणि चाकं गोळा चिमटून पुढे फेकतात. वेग बॅटरीवर अवलंबून असल्यानं तो ताज्या सेलवर वेगळा आणि निम्म्या संपलेल्यावर वेगळा येतो, दोन्ही मोजावेत. इथला खरा धोका सेल बदलण्यात आहे. साध्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलच्याच मापाचे १४५०० नावाचे लिथियम सेल मिळतात. ते खाच्यात तंतोतंत बसतात, पण एकेक ३.७ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. चार सेलच्या ब्लास्टरला सहाच्या जागी जवळजवळ सतरा व्होल्ट मिळतात. गोळे सुसाट सुटतात हे खरं, पण मोटर, तारा आणि शेवटी सेल स्वतः तापतो. वितळलेलं सेलचं घर मी उघडलेलं आहे. त्याचा वास दोन दिवस टेबलावरून गेला नव्हता.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे गोळा लागतो तेव्हा काय होतं.

१.६ ग्रॅम आणि ३० मीटर म्हणजे ०.७२ ज्यूल ऊर्जा. नुसत्या या आकड्यावरून धोका कळत नाही. एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या खेळातल्या बंदुकीची, ६ मिलिमीटरची गोळी १ ज्यूलनं मारली तर ऊर्जा फोमच्या गोळ्याच्या दीडपटही नाही, पण ती कातडीत खड्डा पाडते. कारण ती सगळी ऊर्जा पाव चौरस सेंटिमीटरमध्ये शिरते. फोमचा गोळा तीच ऊर्जा तीन-चार चौरस सेंटिमीटरवर पसरवतो आणि स्वतः चपटा होताना थोडी गिळतोही. म्हणून खेळण्यांच्या प्रमाणकांत ऊर्जा भागिले क्षेत्रफळ असं बघतात. अमेरिकेच्या एएसटीएम एफ९६३ या प्रमाणकात ०.०८ ज्यूलच्या वर ऊर्जेनं उडणाऱ्या वस्तूचं टोक मऊ असावं लागतं आणि चौरस मीटरला २५०० ज्यूलची मर्यादा आहे.

यातलं क्षेत्रफळ म्हणजे गोळ्याचा पट्टीनं मोजलेला आकार नव्हे, आदळताना प्रत्यक्ष टेकलेला भाग. तो मोजायची रीत इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं: गोळ्याला शाई लावायची, फूटभर अंतरावरून उभ्या सपाट पृष्ठभागावर मारायचा आणि उमटलेला ठसा मोजायचा. घरी करून बघा. शिक्क्याची शाई गोळ्यावर बोटानं पातळ पसरा, भिंतीला टेकवलेल्या फळीवर पांढरा कागद लावा, चष्मा घाला आणि मारा. चांगल्या मऊ गोळ्याचा ठसा जवळजवळ गोळ्याएवढा मोठा येतो, मध्ये फिकट आणि कडेला गडद कडं. गोळा कडक असेल तर लहान, सगळीकडे सारखा गडद ठिपका येतो. तुमच्या आकड्यांसाठी गणित असं बसतं: ०.७२ ज्यूल २५०० च्या मर्यादेत राहायचे तर ठसा किमान २.९ चौरस सेंटिमीटरचा हवा, म्हणजे व्यास १९ मिलिमीटर. पाच गोळे मारून सरासरी काढा. १९ च्या वर आली तर ठीक. १४-१५ आली तर ते गोळे टाकून द्या, मग त्यावर कितीही आकर्षक वेष्टण असो.

मी गोळ्यांवर एवढा भर देते आहे कारण ब्लास्टर वर्षानुवर्षं तेच राहतं आणि गोळे बदलत जातात. हरवतात, कुत्रं चावतं, मग स्वस्त पाकीट आणलं जातं. सुटे आणलेले गोळे दिसायला डिट्टो असतात. पण काट्यावर ठेवा. दागिने तोलायचा, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असला तर उत्तम. नसला तर साध्या काट्यावर दहा गोळे एकदम ठेवून दहानं भागा. मूळ गोळे १.६ आणि नवे २.४ भरले तर फोम घट्ट आहे. स्प्रिंग तीच असल्यानं जड गोळ्याचा वेग थोडा उतरतो, म्हणून ऊर्जा फारशी वाढलेली दिसत नाही. पण हवा त्याला कमी अडवते, त्यामुळे लांबवर तो जास्त जोरात लागतो. शिवाय घट्ट फोम कमी दबतो, म्हणून ठसा लहान. दोन्ही गोष्टी वाईट दिशेला जातात आणि नळीच्या तोंडाशी वेग मोजणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

ओला गोळाही असाच फसवतो. फोम पाणी पितो. दवात किंवा पावसात राहिलेला गोळा दुप्पट वजनाचा झालेला मी तोलला आहे. पिळून, सावलीत पूर्ण वाळवून, पुन्हा तोलून मगच वापरा. आणि वाळूत किंवा मातीत पडलेले गोळे धुतल्याशिवाय भरू नका. फोमच्या छिद्रात अडकलेला वाळूचा एक कण डोळ्याच्या काळ्या भागावर ओरखडा काढायला पुरेसा होतो; त्याला फार वेगही लागत नाही. मॅगझिन भरून ठेवायची सवयही मोडा. स्प्रिंगच्या दाबाखाली आठवडाभर राहिलेले गोळे लंबगोल होतात आणि मग अडकतात. अडकलेला गोळा सोडवायला मुलं हमखास काय करतात, तर समोरून बोट घालतात, दट्ट्या ओढलेला असताना.

डोळ्यांचं म्हणाल तर तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. अशा खेळण्यांनी डोळा सहसा जात नाही, पण दुखापत खरी होते आणि ती लिहून ठेवलेली आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: दोन प्रौढ आणि एक ११ वर्षांचा मुलगा. तिघांनाही खेळण्यातल्या बंदुकीची फोमची गोळी लागली होती आणि तिघांच्याही डोळ्यात पुढच्या भागात रक्त उतरलं होतं. तिथल्या गोळ्या लांबट होत्या, तुमच्या गोळ्यांसारख्या गोल नव्हत्या, पण त्यानं दिलासा मिळत नाही. कारण मापात आहे. टेनिसचा चेंडू डोळ्यावर आदळला तर बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. डोळ्याच्या खोबणीचं तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन उंच असतं. २२ मिलिमीटरचा गोळा हाडाला न शिवता आत जातो आणि सगळा मार बुबुळावर बसतो. हातावर लागला तर मूल हसतं, तोच गोळा इथे लागला तर रक्तवाहिनी फुटते. वर सांगितलेली २५०० ची मर्यादा पाळली की डोळा सुरक्षित, असं कुणी समजू नये. कातडी आणि डोळा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एकदा मोजणी चालू असताना मी क्रोनोग्राफवरचा आकडा वाचायला वाकले आणि माझ्या सहकाऱ्याला वाटलं मी बाजूला झाले. गोळा भुवईच्या खाली, चष्म्याच्या कडेवर लागला. चष्मा संरक्षक होता म्हणून गोष्ट खोक होऊन थांबली. मी स्वतः नियम लिहिणारी, आणि वाकले तीही नियम मोडूनच. तेव्हापासून मोजणीच्या खोलीत ‘थांब’ म्हटल्यावर समोरच्यानं ‘थांबलो’ असं उत्तर दिल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकत नाही. मुलांनाही हेच शिकवा. त्यांना त्याचा खेळ वाटतो आणि ती माझ्यापेक्षा चांगलं पाळतात.

चष्मा कसला हवा? नंबरचा साधा चष्मा चालणार नाही. त्याच्या कडा उघड्या असतात, आणि काच असेल तर ती फुटून डोळ्यातच जाते. गॉगल म्हणून मिळणारी फॅशनची वस्तूही नको. पॉलिकार्बोनेटचा, बाजूनंही झाकणारा संरक्षक चष्मा घ्या. त्याच्या काडीवर किंवा भिंगावर झेड८७ आणि पुढे अधिकचं चिन्ह असलं म्हणजे तो जोराच्या आघाताच्या परीक्षेतून गेलेला आहे: त्या परीक्षेत ६.३५ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरच्या वेगानं भिंगावर मारतात. फोमचा गोळा त्यापुढे काहीच नाही. मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचे चष्मे सैल होतात, म्हणून मागे पट्टा असलेला घ्या. आणि खेळणाऱ्यांनीच नाही, त्या खोलीत असलेल्या प्रत्येकानं घालायचा. चुकलेला गोळा बघ्याला लागतो.

तरीही कधी डोळ्याला लागलंच तर चोळू नका, दाबू नका. मुलाला बसतं ठेवा, झोपवायचं असेल तर डोकं उंच राहू द्या. आरशात किंवा टॉर्चनं बघा: डोळ्याच्या रंगीत भागाच्या तळाशी लाल रेघ साचलेली दिसली, धुरकट दिसतंय म्हणाला, उजेड सहन होत नसला किंवा मळमळ सुटली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून फेरतपासणीही टाळायची नाही. असा रक्तस्राव दोन ते पाच दिवसांत पुन्हा होऊ शकतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. तो दाब दुखतोच असं नाही.

आता वयाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत. खोकं पुन्हा बघा. २२ मिलिमीटरच्या, ३० च्या वेगाच्या ब्लास्टरवर बहुधा ‘१४ वर्षं व पुढे’ असं असतं. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं २०१५ मध्ये नर्फ रायव्हल नावानं या जातीची ब्लास्टर आणली, सेकंदाला १०० फूट म्हणजे साधारण ३० मीटर वेगाची; त्यांच्यावरही १४+ च होतं. लोक हा आकडा ‘मुलगा हुशार आहे, चालेल’ म्हणून सोडून देतात. पण एएसटीएम एफ९६३ असो की युरोपचा खेळण्यांचा कायदा, दोन्ही १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहेत. ज्या वस्तूवर निर्मात्यानं १४+ छापलं ती त्यानं लहान मुलांची म्हणून विकलेलीच नाही. एखादा निर्माता तरीही त्या मर्यादा पाळत असेल, पण ते गृहीत धरता येत नाही. म्हणून तर ठसा मोजायला सांगितला.

अकरा वर्षांच्या मुलाला मी हे ब्लास्टर काढून घ्यायला सांगणार नाही. डबे, कागदाची निशाणं, हवं तर तीन आणि सात मीटरवरची स्पर्धा, असं सगळं मोठ्या माणसाच्या नजरेखाली आणि चष्मा घालून चालेल. माणसावर मारायचं नाही, निदान काही वर्षं. सात मीटरला ऊर्जा मूळच्या चाळीस टक्क्यांच्या खाली येते हे मला माहीत आहे, पण खेळात सात मीटर पाळले जात नाहीत. दाराआडून येणारा भाऊ अर्ध्या मीटरवर असतो.

धाकटीला यातलं काही नको. तिच्यासाठी हातानं दाबून हवेच्या जोरावर गोळा उडवणारी खेळणी असतात, ज्यात वेग दहा-बारा मीटर असतो. वेग ३० वरून १२ झाला की त्याच वजनाच्या गोळ्याची ऊर्जा सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. हेच गणित उलटं लावून बघा, म्हणजे व्हिडिओत बघून जास्त ताकदीची स्प्रिंग बसवणाऱ्या पोरांना काय सांगायचं ते कळेल. ३० चे ४२ केले की आकडा दीडपटही वाटत नाही, पण मार दुप्पट होतो. आणि दट्ट्या धरून ठेवणारा खटका त्याच जुन्या प्लास्टिकचा राहतो. तो झिजला की चाप न ओढता ब्लास्टर सुटतं.

घरात तीन वर्षांखालचं मूल येतं-जातं का? मग गोळे मोजून डब्यात ठेवा. तपासणीत श्वासनलिकेत अडकण्याच्या धोक्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, आणि गोल वस्तूंसाठी त्याहून कडक, ४४.५ मिलिमीटरचं कडं. त्यातून जाणारा चेंडू त्या वयाच्या मुलाजवळ नको. तुमचे गोळे दोन्हीतून सहज जातात. फोम मऊ असल्यानं तो घशात दबून घट्ट बसतो, कडक गोटीपेक्षा काढायला अवघड. दातानं तोडलेले तुकडेही तसेच. टवका उडालेला गोळा सापडला की तुकडा कुठे गेला ते शोधल्याशिवाय खेळ पुढे चालू करू नका.

चाप ओढल्यावर झडप उघडी असली तरी ब्लास्टर सुटतं का, तेही रिकाम्या नळीनं बघून घ्या. सुटता कामा नये. सुटलं तर ते परत करण्याचं पुरेसं कारण आहे, बाकी सगळं उत्तम असलं तरी. बाकी दहा गोळ्यांचं वजन, तीन मीटरची वेळ आणि शाईच्या ठशाचा व्यास एवढं मोजून कळवलंत तर भागाकार मी करून देते.